इशाऱ्यातली ‘काय करावं’ ही ओळ कोण गाळतं? एक्सएसएलमधल्या ‘असेल तरच दाखव’ची गोष्ट

मृग लागला की चंद्रपूर आणि गडचिरोलीत मोबाईलवरचे इशारे वाढतात. मेघगर्जनेसह पाऊस, वीज पडण्याची शक्यता, गोसेखुर्दचे दरवाजे उघडले, वैनगंगेकाठच्या गावांनी सावध राहावं. जुलैत रोवणी सुरू झाली की धानाच्या बांधीत वाकून काम करणाऱ्या बायांना एक डोळा आभाळाकडे ठेवावा लागतो. उघडं शेत, पायाखाली पाणी आणि आसऱ्याला बांधावरचं एखादं झाड. विजेच्या वेळी याहून धोक्याची जागा शोधून सापडणार नाही.

अशा वेळी इशाऱ्यातली सगळ्यात कामाची ओळ कोणती? ‘वीज पडण्याची शक्यता’ हे तर आभाळ बघूनही कळतं. कामाची ओळ म्हणजे ‘पाण्यातून बाहेर या, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा’. गंमत अशी की तोच इशारा एका पानावर या सल्ल्यासकट दिसू शकतो आणि दुसऱ्या पानावर सल्ल्याशिवाय. लोकांना वाटतं, सरकारने अर्धंच पाठवलं. कधी ते खरंही असतं. पण कधी माहिती पूर्ण आलेली असते आणि ती दाखवणारं पान मधली एक ओळ गिळून टाकतं. कसलाही एरर न दाखवता.

हे नेमकं कसं होतं, ते समजून घ्यायचं तर एका जुन्या तंत्रज्ञानाकडे जावं लागेल. त्याचं नाव एक्सएसएल.

इशारा म्हणजे मुळात एक फाइल

मोबाईलवर जो मेसेज दिसतो, तो प्रवासाचा शेवट आहे. सुरुवातीला असते एक फाइल. हवामानाचा इशारा भारतीय हवामान विभाग काढतो, पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोग देतो, राज्य आणि जिल्हा पातळीवरची आपत्ती यंत्रणा आपापले इशारे देते. हे सगळे इशारे एकाच साच्यात बसावेत म्हणून जगभर एक मानक ठरलेलं आहे, कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल, थोडक्यात ‘कॅप’. त्याची सध्या वापरात असलेली १.२ ही आवृत्ती ओॲसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये मंजूर केली. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही यंत्रणा याच साच्यावर उभी आहे. ती सी-डॉट या दूरसंचार विभागाच्या संशोधन संस्थेने बनवली.

कॅपची फाइल एक्सएमएल या प्रकारात लिहितात. एक्सएमएल म्हणजे माहितीला लावलेल्या चिठ्ठ्या. कुठला मजकूर म्हणजे घटना, कुठला म्हणजे ठिकाण, कुठला म्हणजे सल्ला, हे प्रत्येक तुकड्याच्या आधी आणि नंतर लिहून ठेवायचं. या चिठ्ठ्यांना टॅग म्हणतात. कॅपचे खरे टॅग इंग्रजीत असतात, पण एक्सएमएलच्या नियमात देवनागरी टॅग अगदी चालतात. त्यामुळे खाली एक सोपा केलेला नमुना मराठीत. हा खरा इशारा नाही, फक्त समजण्यापुरता बनवलेला आहे.

<इशारा>
  <स्थिती>प्रत्यक्ष</स्थिती>
  <माहिती>
    <भाषा>इंग्रजी</भाषा>
    <घटना>लाइटनिंग</घटना>
    <सल्ला>डू नॉट स्टँड अंडर ट्रीज</सल्ला>
    <क्षेत्र>एटापल्ली</क्षेत्र>
    <क्षेत्र>भामरागड</क्षेत्र>
  </माहिती>
  <माहिती>
    <भाषा>मराठी</भाषा>
    <घटना>वीज पडण्याची शक्यता</घटना>
    <क्षेत्र>एटापल्ली</क्षेत्र>
    <क्षेत्र>भामरागड</क्षेत्र>
  </माहिती>
</इशारा>

इथे ‘इशारा’च्या पोटात दोन ‘माहिती’ आहेत आणि प्रत्येक ‘माहिती’च्या पोटात आणखी काही घटक. या आतल्या घटकांना चाइल्ड एलिमेंट म्हणतात. कायद्यात कलम आणि पोटकलम असतं, तसं इथे घटक आणि पोटघटक म्हणू.

आता नीट बघा. इंग्रजी ‘माहिती’त सल्ला आहे. मराठीत नाही. ही चूक मानकाच्या नजरेत चूकच नाही. कॅपमध्ये घटना, तीव्रता, किती तातडीची, किती खात्रीची या गोष्टी भरणं बंधनकारक आहे. सल्ला मात्र ऐच्छिक आहे. भाषा ऐच्छिक आहे. इशाऱ्याची मुदत कधी संपते, तेही ऐच्छिक. म्हणजे ज्या तीन गोष्टी शेतातल्या माणसाला सगळ्यात जास्त हव्यात, त्या नसल्या तरी फाइल नियमात बसते. मानक बनवणाऱ्यांचंही एक कारण आहे. भूकंप किंवा अचानक आलेल्या पुरात सल्ला लिहीत बसण्यापेक्षा इशारा आधी निघालेला बरा.

पण यातून एक जबाबदारी पुढच्या माणसावर येते. ही फाइल लोकांना वाचता येईल असं पान बनवणाऱ्यावर.

एक्सएसएल काय करतं?

टॅगांनी भरलेली फाइल कुणी तशीच वाचणार नाही. तिचं वेबपान, एसएमएस किंवा छापील पत्रक करायला हवं. हे काम करण्यासाठी एक्सएसएल जन्माला आलं. त्यातल्या रूपांतर करणाऱ्या भागाला एक्सएसएलटी म्हणतात. त्याची १.० आवृत्ती डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने १६ नोव्हेंबर १९९९ ला जाहीर केली, संपादक होते जेम्स क्लार्क. पुढे २००७ मध्ये २.० आणि २०१७ मध्ये ३.० आली. कॅपची फाइल वाचायला पायथॉन किंवा जावास्क्रिप्टही वापरतात. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या जुन्या कॅप फीडला एक्सएसएलचीच फाइल जोडलेली असायची. ब्राउझरमध्ये फीड उघडली की त्या फाइलमुळे टॅगांऐवजी नीट मांडलेलं पान दिसायचं.

एक्सएसएलची फाइल म्हणजे सूचनांची यादी. ‘घटना’ दिसली तर ती मोठ्या अक्षरात लिही, ‘क्षेत्र’ दिसलं तर यादीत टाक. या सूचनेला टेम्प्लेट म्हणतात. इथवर सगळं सोपं आहे. अडचण सुरू होते ती एखादा पोटघटक असेलच याची खात्री नसते तेव्हा. मग लिहावी लागते अट. आत अमुक आहे का? असेल तर हे छाप.

अट लिहायची पहिली आणि सगळ्यांना आवडणारी पद्धत म्हणजे ‘इफ’. खऱ्या फाइलमध्ये हे शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात, इथे फक्त उच्चार दिलेत.

<एक्सएसएल:इफ टेस्ट="सल्ला">
  काय करावं: <एक्सएसएल:व्हॅल्यू-ऑफ सिलेक्ट="सल्ला"/>
</एक्सएसएल:इफ>

‘टेस्ट’मध्ये फक्त पोटघटकाचं नाव आहे. ना बरोबरचं चिन्ह, ना दुसरी काही तुलना. एक्सएसएलमध्ये नुसतं नाव लिहिलं की त्याचा अर्थ होतो, ‘या नावाचा एक तरी पोटघटक आत आहे का?’ एक सापडला तरी उत्तर हो, एकही नाही तर नाही. इतकी आटोपशीर अट फार कमी भाषांत लिहिता येते आणि म्हणूनच लोकांना ती आवडते.

पण ‘इफ’ला ‘नाहीतर’ नाही. बहुतेक संगणकीय भाषांत ‘इफ’च्या जोडीला ‘एल्स’ असतं. एक्सएसएलटीच्या ‘इफ’ला ते दिलेलंच नाही. सल्ला असेल तर छापला जातो, नसेल तर काहीच होत नाही. वरच्या नमुन्यातलं मराठी पान उघडणाऱ्याला ‘वीज पडण्याची शक्यता, एटापल्ली, भामरागड’ एवढंच दिसेल. आपल्याला काही सांगायचं राहिलं, हे त्याला कळणारही नाही. पान देखणं दिसेल आणि अपुरं असेल.

‘नाहीतर’ हवं असेल तर ‘चूज’ वापरावं लागतं. त्याच्या पोटात ‘व्हेन’ आणि ‘अदरवाइज’.

<एक्सएसएल:चूज>
  <एक्सएसएल:व्हेन टेस्ट="सल्ला">
    काय करावं: <एक्सएसएल:व्हॅल्यू-ऑफ सिलेक्ट="सल्ला"/>
  </एक्सएसएल:व्हेन>
  <एक्सएसएल:अदरवाइज>
    या इशाऱ्यात मराठी सल्ला आलेला नाही. विजेच्या वेळी झाडाखाली थांबू नका.
  </एक्सएसएल:अदरवाइज>
</एक्सएसएल:चूज>

पाच ओळी जास्त लिहाव्या लागल्या. पण त्या लिहिताना ‘नसेल तर काय?’ हा प्रश्न टाळता येत नाही. इशाऱ्याच्या पानावर तरी ‘इफ’ऐवजी ‘चूज’च वापरावं, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरी पद्धत जुने हात वापरतात. अट टेम्प्लेटच्या नावातच, चौकोनी कंसात लिहायची. एक टेम्प्लेट ‘माहिती[सल्ला]’साठी, दुसरं साध्या ‘माहिती’साठी. सल्ला असलेली ‘माहिती’ समोर आली की संगणक पहिलं टेम्प्लेट उचलतो, कारण ज्या नियमात जास्त तपशील आहे त्याला एक्सएसएल आपोआप वरचा मान देतं. मोठ्या फाइलमध्ये ही पद्धत वाचायला सोपी पडते.

टॅग आहे, पण आत काहीच नाही

कार्यालयात फॉर्म भरताना सल्ल्याचा रकाना कोरा सोडला, तर बरीच सॉफ्टवेअर टॅग काढून टाकत नाहीत. फाइलमध्ये ‘<सल्ला></सल्ला>’ असा रिकामा डबा तसाच राहतो. आता ‘सल्ला आहे का?’ या अटीचं उत्तर काय? हो. पोटघटक आहे. तो रिकामा आहे की भरलेला, हे अटीने विचारलंच नव्हतं. मग पानावर ‘काय करावं:’ असं ठळक छापलं जातं आणि पुढे मोकळी जागा. वाचणाऱ्याला वाटतं पान अजून लोड होतंय. नेटवर्क अडखळणाऱ्या भागात तर असंच वाटणार.

यावरचा उपाय म्हणजे ‘नॉर्मलाइझ-स्पेस’ नावाचं फंक्शन. ते मजकुराच्या मागचापुढचा रिकामा भाग काढून टाकतं आणि उरलेलं हातात देतं. काहीच उरलं नाही तर अट खोटी ठरते. म्हणून ‘सल्ला’ऐवजी ‘नॉर्मलाइझ-स्पेस(सल्ला)’ अशी अट लिहायची. म्हणजे ‘टॅग आहे का?’ असं न विचारता ‘वाचण्यासारखं काही आहे का?’ असं विचारायचं.

आडनाव विसरलं की हाक ऐकूच जात नाही

नवशिक्यांचे तासन्‌तास ज्यात जातात तो भाग हा. कॅपच्या प्रत्येक टॅगला एक अदृश्य आडनाव असतं. त्याला नेमस्पेस म्हणतात. जगात ‘सल्ला’ नावाचे टॅग हजार फाइलींत असतील, त्यातला कॅपचा कोणता हे ओळखता यावं म्हणून ही सोय. फाइलच्या पहिल्या ओळीत हे आडनाव एकदाच लिहिलेलं असतं आणि आतल्या सगळ्यांना लागू होतं. त्यामुळे ते डोळ्यांना जाणवत नाही.

एक्सएसएलटी १.० मध्ये नुसतं ‘सल्ला’ लिहिलं तर त्याचा अर्थ होतो ‘आडनाव नसलेला सल्ला’. तसा सल्ला फाइलमध्ये कुठेच नसतो. म्हणजे अट कायम खोटी. दहा गावांच्या यादीत नाव आहे, हाकही मारली जाते, पण अर्धवट नावाने मारल्यामुळे कुणीच हात वर करत नाही. आणि संगणक एरर देत नाही, कारण त्याच्या मते सगळं ठीक आहे. विचारलं ते सापडलं नाही, इतकंच.

या चुकीची खूण सोपी आहे. एखाद्या पानावर एकाही इशाऱ्यात सल्ला दिसत नसेल, तर बहुधा आडनाव राहिलंय. काहींत दिसतो आणि काहींत नाही, तर कारण दुसरं शोधायचं.

शेजारच्या घरातला सल्ला

पोटघटक म्हणजे थेट पोटातला. नातू चालत नाही. ‘इशारा’पाशी उभं राहून ‘सल्ला आहे का?’ विचारलं तर उत्तर नाही येतं, कारण सल्ला आहे ‘माहिती’च्या पोटात. ‘माहिती/सल्ला’ असा पत्ता द्यावा लागतो.

इथे वैतागून लोक एक आडवाट धरतात. नावाआधी दोन तिरक्या रेघा द्यायच्या. त्याचा अर्थ होतो ‘अख्ख्या फाइलमध्ये कुठेही शोध’. आणि सापडतं! पण वरच्या नमुन्यात काय होईल, बघा. मराठी ‘माहिती’चं पान तयार होतंय, तिच्यात सल्ला नाही. दोन रेघांची अट फाइलभर फिरते, इंग्रजी ‘माहिती’तला सल्ला शोधून आणते आणि खुशाल ‘हो’ म्हणते. मग मराठी मथळ्याखाली इंग्रजी ओळ छापली जाते. बरं, हे नमुन्यात निदान चटकन दिसतं. एकाच फाइलमध्ये दोन वेगळ्या तालुक्यांसाठी दोन ‘माहिती’ असतील, तर एका तालुक्याचा सल्ला दुसऱ्याच्या नावाखाली जाऊ शकतो. दोन्ही मराठीत. मग चूक पकडणार कोण?

भामरागडसाठी आहे आणि नाहीही

भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या एकत्र येतात. पर्लकोटेचा पूल पाण्याखाली गेला आणि भामरागडचा संपर्क तुटला, ही पावसाळ्यातली नेहमीची बातमी. त्यामुळे इशारा भामरागडसाठी आहे की नाही, हा प्रश्न तिथे औषध आणायला निघालेल्या माणसासाठी फार खरा असतो.

नमुन्यातल्या मराठी ‘माहिती’त दोन क्षेत्रं आहेत, एटापल्ली आणि भामरागड. समजा पान बनवणाऱ्याने अट लिहिली, ‘क्षेत्र बरोबर नाही भामरागड’, आणि ती खरी ठरली तर छापायचं ‘हा इशारा भामरागडसाठी नाही’. माणसाच्या तर्काने ही अट खोटी ठरायला हवी. एक्सएसएलमध्ये ती खरी ठरते. कारण पोटघटक एकाहून जास्त असले की तुलना ‘यातला एक तरी’ अशी होते. भामरागड नसलेलं एक तरी क्षेत्र आहे का? आहे, एटापल्ली. झालं. आणि गंमत म्हणजे ‘क्षेत्र बरोबर भामरागड’ ही उलटी अटही त्याच वेळी खरी असते.

बरोबर पद्धत आहे ‘नॉट’ बाहेर लावायची. ‘भामरागड असलेलं एकही क्षेत्र नाही’ असं विचारायचं. दोन वाक्यं मराठीत ऐकायला सारखी वाटतात, पण एका वाक्याने माणूस पुलाकडे निघतो आणि दुसऱ्याने घरी थांबतो.

मराठी नसेल तर कोणती भाषा?

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा झाला. दोन तृतीयांशाहून जास्त भागावर जंगल, बारा तालुके आणि भाषा मोजायला एका हाताची बोटं पुरत नाहीत. मराठी आहेच. गोंडी आहे, भामरागड-एटापल्लीकडे माडिया आहे, सिरोंचात तेलुगू आहे, मुलचेरा आणि चामोर्शीत बंगाली वस्त्या आहेत, छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगढी आणि हिंदी आहे.

कॅपचा साचा याला आडवा येत नाही. एका ‘इशाऱ्या’त हव्या तितक्या ‘माहिती’ घालता येतात, प्रत्येक वेगळ्या भाषेत. मराठीसाठी ‘एमआर’, तेलुगूसाठी ‘टीई’ असे दोन अक्षरी कोड आहेत. गोंडीला दोन अक्षरी कोड नाही, पण ‘जीओएन’ हा तीन अक्षरी आहे आणि तो चालतो. म्हणजे गोंडीत इशारा द्यायचा ठरवलं, तर फाइलमध्ये जागा आधीपासून आहे. पान बनवणाऱ्याने ती जागा बघायला हवी, एवढंच.

पण भाषेच्या पोटघटकात एक मेख आहे. तो ऐच्छिक आहे हे वर आलंच. तो नसेल तर काय धरायचं, हेही मानकात लिहिलेलं आहे. अमेरिकन इंग्रजी! म्हणजे एखाद्या कार्यालयाने शुद्ध मराठीत इशारा लिहिला आणि भाषेचा रकाना भरायचा राहिला, तर नियमाप्रमाणे ती फाइल इंग्रजी समजली जाते. ‘मराठी असेल तरच दाखव’ अशी अट असलेलं पान तो इशारा बाजूला टाकेल. मराठीत लिहिलेला असूनही.

कोड थोडा वेगळा लिहिला तरी हेच होतं. कुणी ‘एमआर’ लिहितं, कुणी ‘एमआर-आयएन’, म्हणजे भारतातली मराठी. अट फक्त ‘एमआर’शी तंतोतंत जुळवत असेल तर दुसरा इशारा हातून सुटतो. म्हणून ‘एमआरने सुरू होतं का’ असं विचारणं शहाणपणाचं.

आणि शेवटी ‘अदरवाइज’मध्ये काय ठेवायचं? मराठी नसेल तर हिंदी, की इंग्रजी? जुलै २०२२ मध्ये गोदावरीच्या पुराने सिरोंचा तालुक्यातल्या गावांना वेढलं होतं. मेडीगड्डा बंधारा तेलंगणच्या सीमेवर, नदी दोन राज्यांची. तिथे मराठी नसताना तेलुगू आधी दाखवणं जास्त कामाचं आणि कोरचीत कदाचित हिंदी. मुंबईत बसून लिहिलेल्या एका ‘अदरवाइज’ने हा निर्णय सगळ्या राज्यासाठी एकच होऊन जातो. हा खरं तर तंत्राचा प्रश्नच नाही, पण उत्तर मात्र तंत्राच्या फाइलमध्ये लिहिलं जातं.

शिळा इशारा ताजा का दिसतो?

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला. भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी आणि गडचिरोलीपर्यंत नदीकाठची गावं पाण्यात गेली. अशा दिवसांत व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट फिरतात. कालचे, परवाचे, कधी मागच्या वर्षीचेही. त्यावर मुदत लिहिलेली असेल तर वाचणारा निदान तारीख बघू शकतो.

कॅपमध्ये मुदतीसाठी पोटघटक आहे. तो आलाच नाही, तर मुदत काय धरायची हे मानक ज्याच्या त्याच्यावर सोडतं. मग पान बनवणाऱ्याने निदान ‘मुदत दिलेली नाही, पाठवल्याची वेळ अमुक’ असं छापायला हवं. पाठवल्याची वेळ मात्र बंधनकारक आहे, ती फाइलमध्ये असतेच.

मुदत आली, तरी एक अडचण आहे. ‘मुदत संपली असेल तर लाल पट्टी दाखव’ अशी अट लिहायची म्हटलं तर आत्ता किती वाजलेत हे कळायला हवं. एक्सएसएलटी १.० ला ते माहीतच नसतं. त्यात घड्याळ नाही! सध्याची वेळ सांगणारं फंक्शन २.० मध्ये आलं आणि ब्राउझर १.० वरच थांबले. त्यामुळे वेळ बाहेरून पुरवावी लागते. ती पुरवली नाही तर मंगळवारचा इशारा शुक्रवारीही तसाच ताजातवाना उभा असतो.

‘स्थिती’ हा घटक मात्र बंधनकारक आहे. इशारा प्रत्यक्ष आहे, सराव आहे की चाचणी, हे त्यात असतं. २०२३ मध्ये देशभर मोबाईल अचानक मोठ्याने वाजले होते, ते आठवत असेल. ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती आणि तसं मेसेजमध्येच लिहिलं होतं. पान बनवताना ‘स्थिती’ न तपासता फक्त ‘घटना’ छापली, तर सरावाचा पूर खऱ्या पुरासारखा दिसेल. इथे पोटघटक आहे की नाही ही अट पुरत नाही, आत काय लिहिलंय ते बघावं लागतं.

आता क्रोम एक्सएसएल काढतंय, मग?

२०२५ मध्ये गूगल क्रोमने जाहीर केलं की ब्राउझरमधला एक्सएसएलटी टप्प्याटप्प्याने काढून टाकला जाईल. कारणं दोन. वापर अगदी कमी उरलाय आणि त्यामागचा जुना कोड सुरक्षेच्या दृष्टीने डोकेदुखी बनलाय. म्हणजे कॅपची फाइल थेट ब्राउझरमध्ये उघडून एक्सएसएलच्या जोरावर सुंदर पान बघायचे दिवस संपत आले. ज्या फीड अजून या पद्धतीवर आहेत, त्यांच्या वाचकांना नव्या क्रोममध्ये ते मांडलेलं पान मिळणार नाही.

सर्व्हरवर चालणाऱ्या एक्सएसएलला याचा धक्का नाही. तिथे ३.० आवृत्ती, घड्याळासकट, व्यवस्थित चालते. प्रकाशन संस्था, बँका आणि सरकारी कागदपत्रांच्या यंत्रणांत ती वापरली जाते. ब्राउझरमधलं काम जावास्क्रिप्टकडे जाईल. तिथे ‘इफ’ला ‘एल्स’ आहे, पण ते लिहिलंच पाहिजे अशी सक्ती तिथेही नाही. रिकामा डबा आणि भाषेचा कोरा रकानाही तसाच समोर येणार, कारण ते फाइलमध्ये आहेत.

तोवर इशाऱ्याचा स्क्रीनशॉट पुढे पाठवण्याआधी त्यावर चार गोष्टी शोधता येतील. कुणी पाठवला, कधी पाठवला, कुठल्या तालुक्यासाठी आणि कधीपर्यंत. यातलं काही दिसत नसेल तर ‘सचेत’च्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर मूळ इशारा उघडून बघता येतो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे वेगळं ॲप आहे, ते मोबाईल जिथे आहे त्या जागेच्या आसपास वीज पडते आहे का ते सांगतं.